म्हाताऱ्याचा पट्टा

चौदा चाकांची भरलेली गाडी मी एका दमात उलटी घेऊन अरुंद गल्लीत घातलेली आहे. नुसती आरशात बघून! मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडणारा क्लीनरसुद्धा नव्हता. मग एका इमारतीतली चार माणसं वळवायला मला कितीसा वेळ लागणार? रविवारच्या सभेआधी सगळी मतं आपल्या बाजूला वळवून दाखवतो, असं मी सूनबाईला छातीठोकपणे सांगितलं.

ती कपडे वाळत घालत होती. चिमटा दातांत धरूनच म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त कुणाशी बोलू नका. एवढं केलंत तरी निम्मी मतं मिळतील!”

आता मतं कशाची, ते सांगतो.

माझा एक कुत्रा आहे. त्याचं नाव म्हातारा. आता तो खराच म्हातारा झालाय, पण नाव लहानपणीचं. एका पेट्रोल पंपावर मला सापडला तेव्हा माझ्या बुटात मावेल एवढा होता, आणि तेव्हाच त्याच्या भुवया आणि मिशा पांढऱ्या! पेन्शनचे कागद घेऊनच जन्माला आल्यासारखा दिसायचा. मी दार उघडून म्हणालो, “चल रे म्हाताऱ्या!” तो जो केबिनमध्ये चढला, तो मी गाडी सोडेपर्यंत उतरला नाही. पुढे माझ्या मानेने संप पुकारला. डॉक्टरांनी गळ्याभोवती पांढरा जाड पट्टा अडकवला आणि सांगितलं, स्टेअरिंग बंद. मग मी आणि म्हातारा असे दोघे मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यात. घरात सूनबाई, मी आणि म्हातारा.

त्याला नावाने हाक मारायची मला गरज पडत नाही. शीळ घातली की येतो. त्यामुळे इमारतीत त्याचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी! सगळ्यांच्या लेखी तो ‘ते कुत्रं’.

आणि त्या कुत्र्यावरून रोज भांडण! नियम असा, की कुत्र्याला पट्टा लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही. नियम मला मान्य आहे. पण पट्टा लावला की काय होतं ते बघा. मोकळा असला की म्हातारा भिंतीला अंग घासत, सगळ्यांची माफी मागितल्यासारखा चालतो. पट्टा दिसला की माणसं एकदम शूर होतात! पेपरवाला मुद्दाम पाय आपटतो. कुणी त्याच्या शेपटीजवळ टाळी वाजवतं. आणि पहिल्या मजल्यावरचे अनाउन्सर छत्रीचं टोक त्याच्या बरगडीला लावून म्हणतात, “हं! बाजूला!” बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून तो भुंकतो. तो भुंकला की सगळे म्हणतात, बघा, चावरं आहे!

अनाउन्सर म्हणजे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. जन्मभर रेल्वे स्टेशनवर माइकपुढे बसून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. घरात मीठ मागितलं तरी रस्त्यावरची माणसं थांबतात!

तर एकदा मी चिडून अंगणात म्हाताऱ्याचा पट्टा काढला. म्हटलं, बघू द्या लोकांना, किती गरीब आहे ते. म्हातारा खूश होऊन पहिल्या दिसलेल्या माणसाकडे धावला. तो माणूस म्हणजे नेमके अनाउन्सर! ते एका उडीत कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर उभे राहिले आणि त्यांनी पुकारा केला, “कृपया लक्ष द्या! कुत्रं मोकळं सुटलेलं आहे! सर्व रहिवाशांनी आपापल्या दारांपासून दूर राहावं!” म्हातारा खाली बसून कौतुकाने ऐकत होता.

पण झालं! येत्या रविवारी सभा, आणि सभेत मतदान. कुत्रं इमारतीत ठेवायचं की घालवायचं? घालवायचं ठरलं तर जागा एकच होती. सूनबाईच्या भावाचं भंगाराचं गोदाम. तिथे राखणीला कुत्रा हवाच होता. हातभर लोखंडी साखळी, वर पत्रा, आणि जन्म संपेपर्यंत गंजक्या मोटारींकडे बघत बसायचं. ज्याने खिडकीतून मान बाहेर काढून अर्धं जग पाहिलं, त्याने!

मला ते सहन होणार नव्हतं. तोंडाने मी फुशारक्या मारत होतो, पण जेवण जात नव्हतं.

सूनबाईला म्हाताऱ्याचा लळा नाही असं नाही. दाखवत नाही, एवढंच. तिने सभेपर्यंतचा हुकूम काढला. “म्हातारा गॅलरीत बांधलेला राहील. नवी तक्रार नको.” म्हणून मीही दिवसभर त्याच्या शेजारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलो. खालून बघणाऱ्याला कुत्रा दिसत नसे. कठड्यावरून फक्त माझं डोकं आणि गळ्यातला पट्टा दिसत असणार. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, अनाउन्सर येता-जाता माझ्याकडे टक लावून बघतात ते मानेच्या चौकशीसाठी.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. आमच्या घरात फोनला रेंज मिळत नाही. ती मिळते जिन्यात, शिवणवाल्या ताईंच्या दारासमोर. या ताई समोरच्या घरात राहतात, दिवसभर मशीन चालवतात. सूनबाई एका प्रयोगशाळेत तपासणीसाठी रक्त काढायच्या कामावर आहे. घाबरट लोकांना धीर द्यायच्या सवयीने तिचा आवाज खणखणीत झालाय. मी आत बसून ऐकत होतो.

“हॅलो डॉक्टर! म्हाताऱ्याबद्दल बोलायचं होतं... हो, आमचाच म्हातारा! बांधूनच ठेवलाय सध्या गॅलरीत... काय करणार? पट्टा काढला की खाली पळतो, लोक बोंबा मारतात... छे हो, मारते कशाला! वर्तमानपत्राची सुरळी दाखवली की कोपऱ्यात गप्प बसतो... नखं? कापूच देत नाही, अंगावर येतो!... आंघोळ ना, घालते की अधूनमधून, पाइपने... हो, वय झालंच आहे आता. तेव्हा ते इंजेक्शन देऊन टाकू या एकदाचं. रविवारी संध्याकाळी याल? आणि तोंड बांधायचं घेऊन या बरं का! सुई बघितली की चावतो तो!”

समोरच्या घरातलं मशीन मधेच थांबलं. मला वाटलं, ताईंचा दोरा तुटला असेल!

मी त्याच दुपारी प्रचाराला सुरुवात केली. म्हाताऱ्याच्या पट्ट्याची शिवण उसवली होती. ती शिवून घ्यायची आणि बोलता बोलता एक मत खिशात टाकायचं, असा माझा डाव. सूनबाई कामाला गेली तसा मी समोरचं दार वाजवलं.

ताईंनी दार उघडलं, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि चटकन आत ओढून दार लावून घेतलं. मी चकित! एवढं अगत्य!

“आज सोडलं वाटतं?” ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

मला वाटलं, त्या म्हाताऱ्याबद्दल विचारतायत. म्हणालो, “हो, सूनबाई कामावर गेली की थोडा वेळ मोकळं. येण्याआधी पुन्हा गॅलरीत.”

“अरे देवा! आणि हे काय?”

“पट्टा उसवलाय. जरा शिवून द्या, ताई. चांगला मजबूत शिवा. झटका दिला तरी तुटायला नको.”

ताई त्या पट्ट्याकडे साप बघावा तशा बघत राहिल्या. “हा तर कुत्र्याचा पट्टा आहे.”

“हो, तोच. दुसरा कशाला? चाललंय यावरच.”

“म्हणजे दोघांना एकच पट्टा?”

“छे छे! माझा वेगळा आहे की! हा बघा, गळ्यातला. झोपताना काढला तरी चालतो.”

ताईंनी तोंडावर हात ठेवला. मग मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि एकेक विचारायला लागल्या. मलाही बरं वाटलं. म्हटलं, कुत्र्याची एवढी आस्था! मत पक्कं!

“झोपायला काय देतात?”

“गोणपाट. दारापाशी.”

“दारापाशी! आणि खायला?”

“काल उरलेलं. नाहीतर दुधात पाव कुस्करून. दात कुठे राहिलेत आता!”

“थंडीत बाहेरच?”

“अंगावर केस आहेत ना, ताई. चालतं.”

ताईंनी माझ्या टकलाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी मुद्द्यावर आलो. “तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. रविवारी आमच्या बाजूने हात वर करा. नाहीतर गोदामावर पाठवणार आहेत.”

“कुठल्या गोदामावर?”

“सूनबाईच्या भावाचं आहे, भंगाराचं. राखणीला. साखळीला बांधून.”

“या वयात राखण!”

“तेच म्हणतो मी! ऐकू कमी येतं, एक डोळा अधू झालाय. चोर आला तर उठून त्याच्याच पायाशी बसायचं!”

आता तुम्ही म्हणाल, दोघांपैकी एकाला तरी शंका कशी आली नाही? पण आपली भाषाच अशी आहे. कोण खातं, कोण झोपतं, हे न सांगतासुद्धा तासभर गप्पा होतात! ताईंनी एकदा जरी ‘तुम्हाला’ म्हटलं असतं, तरी ही गाडी वेळेवर रुळावर आली असती.

ताईंनी डोळे पुसले. “पट्टा देते शिवून. पण ड्रायव्हरकाका, काळजी करू नका. आम्ही सगळे आहोत.”

मी जिन्यात बाहेर आलो तो तरंगतच. एका दुपारी एक मत! तेही रडून!

आणि मग प्रचाराला अशी काही गती आली म्हणता! उतारावर ब्रेक निकामी झालेल्या गाडीला येते, तशी. मी कुणाकडे जायच्या आधीच माणसं माझ्याकडे यायला लागली. अनाउन्सर जिन्यात भेटले. एरवी छत्री पुढे करून वाट काढणारे, ते चक्क भिंतीला चिकटून उभे राहिले. म्हणाले, “हिंमत धरा. मदत लवकरच पोहोचत आहे.” आणि माझा खांदा थोपटून गेले. दाराशी एक घोंगडी आली. बिस्किटांचे पुडे आले, मऊ. मग कुणीतरी करड्या रंगाचा लोकरीचा स्वेटर ठेवून गेलं.

मी सूनबाईला म्हणालो, “बघितलंस? मतं वळायला लागली! कुत्र्यासाठी स्वेटर!”

“कुत्र्याच्या मानाने बाह्या फार लांब आहेत, बाबा.”

“माणसं भावनेने देतात. मापं बघत नाहीत.”

आम्ही बाह्या दुमडून स्वेटर म्हाताऱ्याला घातला. त्याला शोभलाही. संध्याकाळी त्याला फिरवायला सूनबाई खाली घेऊन गेली. अंगणात ताई होत्या. त्यांनी कुत्र्याच्या अंगावरचा स्वेटर पाहिला आणि त्या किंचाळल्याच, “तेही काढून घेतलं! आणि कुत्र्याला घातलं!” आणि तरातरा निघून गेल्या.

सूनबाई वर आली ती गोंधळून. “बाबा, ताई माझ्यावर ओरडल्या. आणि मास्तरीणबाईंनी मला थांबवून व्याकरण शिकवलं.”

मास्तरीणबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. सगळं आयुष्य शाळेत भाषा शिकवली. त्या सूनबाईला म्हणाल्या होत्या, “बांधता ते बांधता, पण निदान आदरार्थी बहुवचन तरी वापरा! घरातल्या वडीलधाऱ्याला कुणी ‘तो खातो, तो पळतो’ म्हणतं का?”

“कुणाबद्दल बोलत होत्या त्या?” सूनबाईने विचारलं.

“अगं, वयाचा मान ठेवतायत म्हाताऱ्याच्या. शिकलेली माणसं! तू मनावर घेऊ नकोस. मतं आपली आहेत!”

“मग माझ्याकडे बघून सगळे दारं का आपटतात?”

ती गॅलरीत जाऊन म्हाताऱ्याजवळ बसली. खरं तर मला तेव्हाच ब्रेकवर पाय ठेवायला हवा होता. पण जिंकणाऱ्या माणसाचा पाय ब्रेकवर जात नाही!

रविवारी सभा भरली ती खाली, गाड्या लावायच्या जागेत. इतकी माणसं मी त्या इमारतीत आधी कधी पाहिली नव्हती. नियमाप्रमाणे म्हाताऱ्याला आम्ही जिन्याच्या कठड्याला बांधून ठेवला, ताईंनी शिवून दिलेल्या पट्ट्याने. तो जिन्याखालच्या अंधारात स्वेटरमध्ये डुलकी काढत पडला. ताईंनी मला पहिल्या रांगेत, उशीच्या खुर्चीवर बसवलं. सूनबाईच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या.

अनाउन्सर उठले. “कृपया लक्ष द्या! आजच्या सभेचा ठरलेला विषय, म्हणजे कुत्रं, काही काळ उशिराने येत आहे! त्याआधी एक तातडीचा विषय पुढे सोडण्यात येत आहे! ठराव असा, की या इमारतीतल्या वृद्ध रहिवाशाला यापुढे कुणीही पट्ट्याने बांधून ठेवू नये, त्यांना कुठेही पाठवू नये, आणि सर्वांनी त्यांच्याशी मायेने वागावं!”

माझा ऊर भरून आला. माझ्या म्हाताऱ्याला रहिवासी म्हणाले! ‘त्यांना’ म्हणाले! ज्यांनी छत्री टोचली, तेच! मला राहवेना. मी उठलो.

“काय बोलू? तुम्ही म्हाताऱ्याला एवढा मान दिलात! उभं आयुष्य रस्त्यावर गेलं हो या जिवाचं. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. एकदा डोंगराच्या वळणावर मला डुलकी लागली. समोर दरी! हा म्हातारा त्या वेळी जागा नसता, तर आज इथे मी उभा नसतो. आता थकलाय. त्याला काय लागतं? एक कोपरा आणि कुणाची तरी सोबत. साखळीला नका पाठवू. मरेपर्यंत इथेच राहू द्या. मी हात जोडतो.”

बोलता बोलता माझा आवाज चिरकला. समोर तर रडारड! ताई गळ्यातल्या मोजपट्टीने डोळे पुसत होत्या. मास्तरीणबाई शेजारणीला कुजबुजल्या, “बघितलंत? इतका छळ झालाय, की स्वतःबद्दलसुद्धा एकेरीत बोलतात!”

मी चमकलो. स्वतःबद्दल?

पण तेवढ्यात स्कूटर थांबली आणि जनावरांचे डॉक्टर बॅग घेऊन आत आले. घाईत होते. दारातूनच त्यांनी विचारलं, “म्हातारा कुठाय?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ताई कापडाची कात्री उघडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “खबरदार! हात लावून दाखवा!”

डॉक्टर हसले. “अहो ताई, दोन मिनिटांचं काम. दोघांनी धरा, एकाने तोंड बांधा. त्याला कळणारही नाही!”

“डॉक्टर आहात की कसाई?” अनाउन्सर गरजले. रस्त्यावरची रहदारी थांबली.

“कसाई कशाला? दरवर्षी देतो मी त्याला!”

“दरवर्षी?” मास्तरीणबाईंना ते पटेना. “एकदा दिल्यावर दुसऱ्या वर्षी माणूस उरतो कसा?”

“माणूस? बाई, मी जनावरांचा डॉक्टर आहे!”

“ऐका!” ताई ओरडल्या. “सासऱ्यासाठी जनावरांचा डॉक्टर बोलावलाय हिने!”

आता सूनबाई उठली. तिचा चेहरा असा पांढरा पडला होता, की जणू कुणी तिचंच रक्त काढून घेतलंय. “सासऱ्यासाठी? मी? बाबांना?” ती माझ्याकडे वळली. “बाबा! तुम्ही या लोकांना काय सांगितलंय?”

आणि मला सगळं एकदम समजलं. गोणपाट, दुधातला पाव, गळ्यातला पट्टा, स्वेटर! भर चौकात गाडी बंद पडावी आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजावेत, तसं माझं झालं. शेवटी मी ओरडलो, “म्हातारा मी नाही! म्हातारा तो आहे!” आणि शीळ घातली.

जिन्याखालून करडा स्वेटर उठला. म्हाताऱ्याने एक झटका दिला आणि ताईंनी शिवलेला मजबूत पट्टा फाटकन उसवला! सभा फुटली. खुर्च्या पडल्या, कुणी खांबाआड गेलं, कुणी दुसऱ्याच्या आड गेलं. मी मटकन खाली बसलो. संपलं! ज्या सभेने त्याला ठेवायचं की घालवायचं हे ठरवायचं, त्याच सभेत तो मोकळा सुटला होता.

“ताई! मजबूत शिवा म्हटलं होतं ना!”

“मुद्दाम कच्चा टाका घातला होता मी!” ताई खांबाआडून रडवेल्या आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला पळून जाता यावं म्हणून!”

म्हातारा शेपटी हलवत माझ्याकडे निघाला होता. पण वाटेत त्याला डॉक्टर दिसले. मग त्यांच्या हातातली बॅग दिसली. ती बॅग तो चांगली ओळखतो. तो गर्रकन फिरला, जवळचा आसरा शोधला आणि डोकं खुपसलं ते थेट अनाउन्सरच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये!

अनाउन्सर पुतळ्यासारखे ताठ. छत्री हातात होती, पण वर उचलली जात नव्हती. म्हातारा त्यांच्या पायांत थरथरत होता, इतका, की अनाउन्सरची विजारही थरथरायला लागली. कोण कुणाला जास्त घाबरलंय, सांगणं कठीण!

मग अनाउन्सरनी छत्री हळूच भिंतीला टेकवली. हात खाली नेला. स्वेटरवरून एकदा फिरवला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कृपया घाबरू नये.”

डॉक्टरांनी तेवढ्यात मागून सुई टोचून घेतली. कळलंही नाही त्याला!

सूनबाई मात्र अजून उभीच होती. “मी सासऱ्यांना बांधून ठेवते असं वाटलं ना तुम्हा सगळ्यांना? मग एकानेही वर येऊन मला विचारलं का नाही?”

शेवटी ताई जमिनीकडे बघत पुटपुटल्या, “दारात कुत्रं असतं ना तुमच्या. भीती वाटते.”

सूनबाईने रागाने तोंड फिरवलं. पण तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. बघतो तर हसत होती! मग ताई हसल्या, मग डॉक्टर, मग सगळी सभा. मीही हसायला लागलो, तशी ती म्हणाली, “तुम्ही नका हसू, बाबा. तुमच्याशी घरी बोलायचंय!”

मतदान झालं. म्हाताऱ्याला घालवावं, यासाठी एकही हात वर आला नाही. पट्ट्याचा नियम कायम राहिला, फक्त त्याला एक पुरवणी जोडली. पट्टा लावलेल्या कुत्र्याला कुणी छत्री टोचायची नाही, पाय आपटायचा नाही. ही पुरवणी अनाउन्सरनी स्वतः मांडली. पट्टा आता ताईंनी तिपदरी शिवून दिलाय. त्याने ट्रक ओढता येईल! स्वेटर मी परत करायला गेलो, तर कुणी तो आपला म्हणायला तयार नाही.

उठता उठता मास्तरीणबाईंनी एक दुरुस्ती सुचवली. त्यांचं म्हणणं, सगळा घोटाळा एकेरीमुळे झाला. यापुढे इमारतीत म्हाताऱ्याबद्दल कुणीही बोललं, तरी आदरार्थीच बोलायचं. मग चुकून गैरसमज झाला, तरी निदान अपमान तरी होणार नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं. मीही वाजवल्या. मला वाटलं, यात आपला फायदाच आहे.

परवा मी म्हाताऱ्याला घेऊन अंगणात बाकावर बसलो होतो. समोरून ताई आल्या, हातात झाकलेली वाटी. हसून थांबल्या आणि इतक्या मायेने म्हणाल्या, “काय म्हातारबा, झोप लागली का नीट? जेवलात का?”

मीही सावरून बसलो. इतकी चौकशी हल्ली कोण करतं! म्हणालो, “जेवलो की, ताई! झोपही छान लागली!”

ताई वाटी घेऊन खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला नाही हो!”